टॉवेलखालचे हात

त्या दिवशी लाइट गेली नसती तर हौसेरावला काहीच दिसलं नसतं. पंप चालू राहिला असता, तो नेहमीसारखा पालकाच्या वाफ्यांना पाणी फिरवत तासभर तिकडंच अडकला असता, आणि इकडं शेवग्याखाली काय चाललंय याची त्याला गंधवार्ताही लागली नसती. पण साडेआठला पंप खरखरला आणि गप झाला. खोरं खांद्यावर टाकून तो बांधावरून परत फिरला, आणि मुळ्याच्या वाफ्यापाशी त्याचे पाय आपोआप थांबले. त्याची बायको मुक्ताबाई आणि सून उत्कर्षा समोरासमोर बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघे लागतील इतक्या जवळ. मध्ये त्याचाच निळ्या पट्ट्यांचा टॉवेल पसरलेला आणि टॉवेलखाली दोघींचे हात. टॉवेल मध्येच कुठंतरी हलायचा, थांबायचा, पुन्हा दुसरीकडं हलायचा. मुक्ताबाईचे डोळे मिटलेले. उत्कर्षा तिच्या तोंडाकडं बघत काहीतरी विचारत होती आणि मुक्ताबाई ओठातल्या ओठात उत्तर देत होती. वरून जाणाऱ्या मोठ्या तारांची घरघर आणि रस्त्यावरचे ट्रेलर यात शब्द काही ऐकू येत नव्हते. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बघा, सासूसुनेचं किती गूळपीठ आहे. पण हौसेरावनं एकतीस वर्षं वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली होती. टॉवेलखाली दोन हात याचा अर्थ त्याला एकच माहीत होता. तिथं सौदा चालला होता.

आता ज्यानं हे कधी बघितलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. त्या काळी मार्केटात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात हातात घेत, वरून रुमाल नाहीतर टॉवेल टाकत, आणि खाली बोटं बोलत. दहा माणसं भोवती उभी असली तरी अकराव्याला पत्ता लागत नसे. हौसेराव गाळ्याच्या तोंडाशी हमाली मिळायची वाट बघत उभा राहायचा आणि हात दिसत नाहीत म्हणून तोंडं बघायचा. कुणाचा गळा कधी हलतो, कोण पापणी मारतो, कोण उगाच छताकडं बघतो. पाच-सहा वर्षांत त्याची नजर अशी तरबेज झाली की सौदा तुटणार की जमणार हे शेठच्या आधी त्याला कळायचं. मग गाळ्याचा मालक अहमदशेठ, मूळचा उरणच्या मोरा बंदराकडचा, फार सभ्य माणूस, त्यानं एकदा दुपारच्या चहाला त्याला हात पुढं करायला सांगितलं आणि स्वतःच्या रुमालाखाली ती भाषा शिकवली. अंगठ्यापासूनची पहिली तीन बोटं शेंड्याला दाबली की तो प्रश्न झाला, बोल, काय म्हणतोस. मग आकडे, मग अर्धे, पाव, मग हो आणि नाही. आणि मूठ मिटली की संपलं, माल द्यायचा नाही, पुढं बोलू नका. हमालाला ही विद्या काय कामाची, असं हौसेरावला तेव्हाही वाटलं होतं. पण विद्या फुकट मिळत असेल तर नाही म्हणणाऱ्यातला तो नव्हता.

कामाला ती आली घरी. कोपरखैरण्याच्या त्या एका खोलीत तेव्हा हौसेराव, मुक्ताबाई, साताऱ्याहून हमालीलाच आलेले दोन चुलतभाऊ आणि एक मामा असे पाचजण राहत. नवराबायकोनं बोलायचं कधी आणि कुठं? मग हौसेराव तिच्या पदराखाली हात सारायचा आणि तीन बोटं दाबायचा, बोल, काय म्हणतेस. मुक्ताबाई चार दिवसांत शिकली आणि पाचव्या दिवशी त्याच्यापेक्षा जलद बोलायला लागली. मामा समोर बसून तंबाखू मळतोय, आणि खाली पदरात हे दोघं मामालाच नावं ठेवतायत. मार्केटात संप झाला तेव्हा तिचा भाऊ तिला आणि लहानग्या धनाजीला गावी न्यायला आला होता. बंदमध्ये इथं पोरगं उपाशी मारणार काय, म्हणाला, आणि त्याचं काही चुकीचं नव्हतं. हौसेरावनं सगळ्यांसमोर काही न बोलता तिच्या पदराखाली विचारलं, जातेस का. तिनं मूठ मिटली. इतकी घट्ट मिटली की त्याचं बोट आत चेंगरलं. त्या एका मुठीवर त्यानं पुढची तीस वर्षं काढली, असं म्हटलं तरी चालेल. धनाजीलासुद्धा त्यांनी ही भाषा शिकवली नव्हती. ती त्या दोघांची होती, आणि आज ती सुनेशी बोलत होती, तीही त्याच्याच टॉवेलाखाली.

तो खाकरला. दोघींचे हात पटकन वेगळे झाले. टॉवेल मुक्ताबाईनं उचलून डोक्याला गुंडाळला, जणू तो मघापासून तिथंच होता.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही बाबा, आईंना मोबाइलमधलं एक दाखवत होते," उत्कर्षा म्हणाली, आणि उठून कपडे झटकायला लागली. तिला साडेनऊला कामावर पोचायचं असतं, सेक्टरमधल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. रोज ती अशी घाईतच असते. पण मोबाइल होता तीन हातांवर, भाजीच्या पाटीवर, उपडा. हौसेरावनं मोबाइलकडं बघितलं, मग सुनेकडं बघितलं, आणि मनातल्या मनात खूण करून ठेवली. एक खोटं सापडलं होतं.

विकायला होतं तरी काय त्यांच्याकडं? नाव घ्यावं असं एकच, ही जमीन. आणि तीही त्यांची नाही. घणसोली गावच्या मालतीबाईंची ही बारा गुंठ्यांची पट्टी, वरून मोठ्या तारा गेल्यामुळं इथं इमारत उठत नाही म्हणून उरलेली. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, ही मधे हिरवी राहिली. हौसेराव मार्केटातून निवृत्त झाला तेव्हा मालतीबाईंनी ती त्याला कसायला दिली. आधीच्या कसणाऱ्यानं हाताखाली माणसं ठेवली, त्या माणसांनी झोपड्या टाकल्या, त्या उठवता उठवता मालतीबाईंची पाच वर्षं गेली होती. म्हणून त्यांनी एकच अट घातली होती, खाटेवर बसून, पानाला चुना लावता लावता. "जवर तुमी दोघा नवराबायको हात लावताव, तवर ही जागा तुमचीच हाय. यकट्यानं करायची नाय, मानसा ठेवून करायची नाय." कागद नाही, काही नाही. दर शुक्रवारी मालतीबाई स्वतः येणार, पिशवीभर वानोळा नेणार, आणि दोघांचे हात मातीत आहेत ना ते बघून जाणार. अकरा वर्षं असं चाललं होतं. मेथी, पालक, मुळा, लाल माठ, कोथिंबीर. कधी मुळा बोटभर राहायचा, कधी मनगटाएवढा व्हायचा. कधी शेजारच्या सोसायटीच्या बायका झुंबड करायच्या, कधी दिवसभर कुत्रं फिरकायचं नाही. कीड पडली की दोघं एकमेकांवर चिडायची आणि कोंब फुटला की दोघांपैकी कोण आधी बघतो याची चढाओढ. घणसोली गावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत हौसेराव फक्त झोपत होता. राहत होता तो इथं.

आणि ही जागा हवी असलेले दोघं होते, हे त्याला ठाऊक होतं. एक सदू, पलीकडच्या पट्टीवरचा नर्सरीवाला, सारसोळे गावचा. त्याच्या कुंड्या आता बांधावर आल्या होत्या. दुसरा त्याचा स्वतःचा मुलगा. धनाजी महाप्याला एका डेटा सेंटरात शिफ्टमध्ये काम करतो, त्यानं उलव्याला फ्लॅट घेतलाय, मार्चमध्ये चावी मिळणार. "बाबा, तिकडं लिफ्ट आहे, गार्डन आहे, कशाला हे चिखलात टेन्शन घेताय?" असं त्यानं दिवाळीत विचारलं होतं. उलव्याच्या गार्डनमध्ये मेथी लावू देतात का, एवढं तेव्हा हौसेरावच्या ओठांवर आलं होतं. आता उत्कर्षा म्हणजे धनाजीचाच हात. मुक्ताबाई मालतीबाईंशी बोलणार, म्हणणार, आता होत नाही आमच्यानं, आणि सगळी उलव्याला जाणार. त्या बदल्यात मुक्ताबाईला काय मिळणार, ते त्याला कळेना. तेवढं तर टॉवेलखाली ठरत होतं.

माणसाला एकदा वास लागला की सगळ्याला वास येतो. त्या मंगळवारनंतर हौसेरावला मुक्ताबाईचं काहीच सरळ दिसेना. बुधवारी तिनं बांधलेली मेथीची जुडी गिऱ्हाइकाच्या हातातच सुटली. सोसायटीतल्या नमिता मॅडम म्हणाल्या, "मावशी, आजकाल जुड्या सैल का हो?" आणि मुक्ताबाई नुसती हसली. जिची गाठ बघायला मालतीबाई मान वाकडी करायच्या, जी केळीच्या खोडाचं भिजवलेलं सोप दोन बोटांत असं वळवायची की जुडी मोडेल पण गाठ हलायची नाही, तिची जुडी सुटली? हौसेराव म्हणाला, मन थाऱ्यावर नसलं की असंच व्हायचं. तो तिला म्हणाला नाही, स्वतःला म्हणाला. आताशा तो सगळं स्वतःलाच म्हणत होता. मग त्याच दुपारी पाटीत त्याला रबरबँडचं पाकीट सापडलं, लाल-पिवळ्या रबरांचं. रबरबँडचा मुक्ताबाईला इतका राग होता की दुसऱ्याच्या पाटीतल्या जुडीचं रबर ती येता-जाता काढून फेकायची. भाजीचा गळा दाबतात मेले, म्हणायची.

"हे कुठनं आलं?"

"सदूनं दिलं."

"सदूनं? का म्हणून?"

"मागितलं म्हणून. तुमी काय पोलीस हाय?"

ती हसत म्हणाली, पण त्याच्याकडं बघून नाही. हौसेरावनं तिच्या गळ्याकडं बघितलं. गळा हलला. सदूनं आज रबरं दिली, उद्या काय देईल. तो सरळ बांध ओलांडून सदूच्या नर्सरीत गेला. सदू गुलाबांवर फवारा मारत होता. हौसेरावनं आडून आडून विचारलं, जागा कमी पडत असेल तुला, नाही का. सदूनं पंप खाली ठेवला आणि म्हणाला, "पडतेच काका. तुमी कवा सोडणार असाल तं मना पयला सांगा, दुसऱ्याला नको." म्हणजे सदूला शंका होती की ते सोडणार. शंका कुणी घातली? हौसेराव परत आला तेव्हा मुक्ताबाई कोथिंबीर निवडत होती, डाव्या हातानं. उजवा मांडीवर पडून होता, कामचुकार पोरासारखा. त्यानं हे बघितलं, पण बघूनही त्याला ते दिसलं नाही. त्याचं लक्ष तिच्या तोंडावर होतं, आणि तोंडावर काही नव्हतं, म्हणजे काहीतरी लपवलेलं होतं.

गुरुवारी सकाळी तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. अंगठा. गावाकडं त्याच्या आजीनं अंगठा उठवला आणि आंब्याचं झाड भावकीत गेलं, ही गोष्ट त्यानं लहानपणी शंभरदा ऐकली होती. मुक्ताबाईला सही येते, मराठी तिसरी शिकलेली बाई आहे, एवढं त्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. आणि ध्यानात आल्यावरसुद्धा त्याला वाटलं, अंगठ्याला शाई लागली असेल, ती चिंधीखाली लपवली असेल.

"अंगठ्याला काय झालं?"

"भाजलं."

"कधी?"

"काय म्हाईत. चहाचं पातेलं उतरवताना असंल."

काय म्हाईत! स्वतःचा अंगठा भाजला आणि कधी ते माहीत नाही. असं कुणी म्हणतं का? सोळा वर्षांची पोरगीसुद्धा याहून बरं खोटं बोलली असती. "चिंधी सोड, बघू," तो म्हणाला. तिनं हात पाठीमागं घेतला. "राहू द्या, काही न्हाई." हौसेरावनं मग चहा घेतला नाही, नुसता उठून वाफ्यावर गेला, आणि दिवसभर पालकाच्या वाफ्यातलं तण उपटत राहिला. तणाबरोबर थोडा पालकही उपटला गेला. राग होता, पण रागाखाली भीती होती, आणि ती तो कबूल करत नव्हता. मागच्या वर्षी मुक्ताबाईला ताप आला होता. तेव्हा या बांधावर बसून तो तिला म्हणाला होता, "ज्या दिवशी तुझा हात थांबंल, त्या दिवशी मी खोरं टाकलं बघ. एकट्याचं न्हाई हे काम." त्याला वाटलं होतं, बायकोवरच्या जिव्हाळ्याचं आपण केवढं बोललो. दुसऱ्या दिवशी अंगात ताप असताना उठून तिनं मेथी काढली होती. आता त्याला वाटत होतं, तेव्हाच तिच्या मनात भरलं असेल की याला शेत सोडायचंच आहे, मग आपणच आधी सोडून मोकळं का होऊ नये.

त्याच संध्याकाळी घरी धनाजी शिफ्टवरून लवकर आला, आणि जेवताना उत्कर्षा सासूच्या ताटातली भाकरी मोडून देत होती. अगदी बारीक, घासाएवढी. मुक्ताबाई खाली मान घालून डाव्या हातानं खात होती. डाव्या हातानं जेवणारी बाई त्यांच्या घराण्यात कधी झाली नाही. हौसेराव म्हणाला, "हे काय नवीन?" धनाजी काहीच न कळून बायकोकडं बघत राहिला. उत्कर्षा म्हणाली, "बाबा, आईंचा अंगठा भाजलाय ना." बरोबर होतं, भाजला होता. एवढं बरोबर उत्तर इतक्या झटकन आल्याचंच त्याला खटकलं. दोघींनी आधी ठरवून ठेवलेलं होतं, त्याला वाटलं. तो भाकरी कुस्करत बसला आणि त्याच्या मनात आलं की उद्या शुक्रवार आहे, उद्या मालतीबाई येणार आहेत, म्हणजे जे काय ठरलंय ते उद्याच कळणार.

मालतीबाई दहाच्या सुमाराला आल्या, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. सत्तरी ओलांडलेली बाई, पण बांधावरून चालताना कुणाचा हात धरत नाही. उत्कर्षा कामावर गेली होती. मालतीबाईंनी आधी हौसेरावचे चिखलाचे पाय बघितले, मग पाटीतल्या जुड्या बघितल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"काय गो मुक्ता, यो रबर कवापासून?"

"सोप संपलं, मालतीबाय."

सोप संपलं नव्हतं. सोपाची बादली मुक्ताबाईच्या मागं शेवग्याच्या बुंध्याशी होती, सोप भिजून मऊ झालेलं, सकाळीच हौसेरावनं पाणी बदललं होतं. हे दुसरं खोटं, तेही मालकिणीसमोर. मालतीबाईंनीही बादली बघितली. त्या एवढंच म्हणाल्या, "मना रबराची नको. तुझे हाताची बांधून दे, तुझे गाठीची सवय हाय मना. मी बसतंय." मग त्यांचं लक्ष सदूच्या बांधावरच्या कुंड्यांकडं गेलं, आणि "आरे सदू, यो बांद तुजे बापाचा हाय काय?" असं म्हणत त्या तिकडं निघाल्या.

मुक्ताबाई शेवग्याखाली बसली. तिनं मेथीचा ढीग पुढं ओढला आणि डाव्या हातानं काड्या जुळवायला लागली. उजवा हात मांडीवर, चिंधी बांधलेला. हौसेराव तिच्यासमोर उकिडवा बसला. आता विचारायचंच, त्यानं ठरवलं. तोंडानं विचारलं तर ती तोंडानं खोटं बोलेल, सध्या तेच चाललंय. त्यानं तिच्या डोक्यावरचा टॉवेल काढला आणि तिच्या मांडीवरच्या हातावर टाकला. मग स्वतःचा हात आत सारला. किती वर्षं झाली असतील त्याला हे करून? दहा? बारा? वेगळं बिऱ्हाड झालं, माणसं कमी झाली, तोंडानं बोलायला जागा झाली, तेव्हापासून बोटं गप झाली होती. त्यानं तिची पहिली तीन बोटं धरली आणि शेंड्यांना दाबली. बोल, काय म्हणतेस.

उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा दाबली. मुक्ताबाई मेथीतली पिवळी पानं काढत होती. बोलायचं नसेल तर मूठ मिटायची, तेवढी रीत तिला ठाऊक होती. रीतसुद्धा ती पाळत नव्हती, म्हणजे इतकं तुटलं होतं. हौसेरावला संताप आला, आणि त्या संतापात त्यानं तिच्या मधल्या बोटाच्या शेंड्यावर नख रोवलं. चांगलं जोरात रोवलं. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

"ऊन लागतंय व्हय तुमाला?" मुक्ताबाई म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "टॉवेल कशाला काढलाय?"

हौसेराव तिच्या तोंडाकडं बघत राहिला. एकतीस वर्षं त्यानं तोंडं वाचली होती. छताकडं बघणारी तोंडं, गळ्याशी अडकलेली तोंडं, हसून फसवणारी तोंडं. असं तोंड त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्यात लपवलेलं काही नव्हतं. टॉवेलखाली हात धरलेला आहे हेच त्या तोंडाला माहीत नव्हतं. त्यानं घाईघाईनं तर्जनी दाबली, मग चिंधीवरून अंगठा दाबला. काही नाही. मग तो करंगळीवर गेला, आणि करंगळीला त्याचा हात लागताक्षणी मुक्ताबाई दचकली. मेथी विस्कटली. तिनं आधी टॉवेलाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"गणपतीपासनं. आधी मुंग्या यायच्या. आता तीन बोटं नुसती हाईत म्हणायची. उत्कर्षा रोज बघती, टॉवेल टाकून, कुठलं बोट दाबलंय ते मी डोळं मिटून सांगायचं. तिच्या दवाखान्यात असंच करत्यात म्हणे. मनगटात नस दबलीय, बारकं ऑपरेशन करायला लागंल. मग दोन महिने हाताला काम न्हाई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमीच म्हणाला हुता न्हवं, माझा हात थांबला की खोरं टाकणार. पोरीला मीच शपथ घातली. धनाजीला पण सांगू दिलं न्हाई." तिनं विस्कटलेली मेथी पुन्हा जुळवायला घेतली. "हे गेलं तर तुमी काय करणार हाय? उलव्याच्या लिफ्टात बसणार?"

हौसेरावला लाज वाटली. अशी वाटली की मान वर करून बांधाकडं बघवेना. चहाचं पातेलं, सुटलेली जुडी, सदूची रबरं, भाकरीचे ते घासाएवढे तुकडे, सगळं तो चार दिवस बघत होता. पातेल्याच्या काठानं तिचा अंगठा भाजला आणि तिला कळलं नाही, आणि याला त्यात शाई दिसली. जिनं शेत राखायला हात झिजू दिला, तिच्यावर यानं शेत विकल्याचा आळ ठेवला होता, आणि तो आळ तिला माहीतसुद्धा नव्हता. तो सांगावा का, हे त्याला कळेना. सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं. मग त्याच्या ध्यानात आलं की आता आपल्यापाशीही एक लपवलेलं आहे.

तिकडं सदूच्या कुंड्या सरकायला लागल्या होत्या आणि मालतीबाई परत फिरत होत्या. हौसेरावनं टॉवेलखालचा हात सोडला नव्हता. तीन बोटांवर विचारून उपयोग नव्हता, म्हणून त्यानं करंगळी धरली आणि तिच्या शेंड्यावर सावकाश दाबलं. सोडायचं का?

मुक्ताबाईनं मूठ मिटली. मिटली असं तिला वाटलं असणार. करंगळी आणि शेजारचं बोट घट्ट वळलं, बाकीची तीन तशीच, अर्धवट, उघडी राहिली. हौसेरावनं मधलं बोट धरून आत वळवलं. मग तर्जनी वळवली. मग चिंधीचा अंगठा, भाजलेल्या जागेला धक्का लागू नये म्हणून बाजूनं, वर आणून ठेवला. आणि ती मूठ स्वतःच्या मुठीत धरून बसला.

"झाली काय गो जुडी?" मालतीबाईंची सावली पाटीवर पडली.

हौसेरावनं डाव्या हातानं बादलीतलं सोप ओढलं. एका हातानं गाठ पडत नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. मुक्ताबाईनं डाव्या हातानं जुडी उभी धरली, अंगठ्याखाली सोपाचं टोक दाबलं, आणि त्यानं दुसरं टोक भोवती फिरवलं. दोनदा सोप निसटलं. तिसऱ्यांदा त्यानं दातांत धरून ओढलं. मालतीबाई बघत होत्या. त्यांनी टॉवेल बघितला, दोघांचे दोन डावे हात बघितले, चिंधी त्यांना दिसली की नाही ते हौसेरावला कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो समोरच्याच्या गळ्याकडं बघत नव्हता. समोरचा आपल्या गळ्याकडं बघेल या भीतीनं त्यानं मान खाली घातली होती.

मालतीबाईंनी जुडी हातात घेतली, फिरवून बघितली.

"गाठ वाकडी हाय आज."

"व्हय," हौसेराव म्हणाला. "दोघांची हाय."

मालतीबाईंनी जुडी पिशवीत ठेवली, वर मुळे ठेवले आणि पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. "फुडले शुक्रवारी पन अशीच दे," म्हणाल्या, आणि बांधावरून चालायला लागल्या. तेवढ्यात पंप खरखरला. लाइट आली होती. पालकाला पाणी फिरवायला उठायला हवं होतं, पण हौसेराव अजून थोडा वेळ तसाच बसला.